यान व्हान लिन्सखोटेन व त्याचा सचित्र प्रवासग्रंथ

मे महिन्याच्या सुट्टीत आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे गोव्यास जातात. समुद्रस्नान व खाणेपिणे झाले म्हणजे एखादा दिवस मांडवीच्या काठच्या जुन्या गोव्यासाठी राखून ठेवण्याचा प्रघात आहे. तेथे से कॅथेड्रलचे भव्य मंदिर व त्याच्या समोरच बॉम जेझुसचे मंदिर आहे. ही व अशीच आणखी काही मंदिरे सोडली, तर त्या परिसरात हिरवळ, माडांची झाडी व थोडे पडके दगड यांवाचून विशेष काही दृष्टीस पडत नाही. परंतु चारशे वर्षांपूर्वी याच जागी पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याची गजबजलेली राजधानी होती. पुढे रोगराईने ती पोखरली गेली, लोक घरे सोडून गेले व शहर ओस पडले. त्या नाहीशा झालेल्या शहरात लोक कसे चालत, काय नेसत, काय विकत व काय खात, हे आज आपणांस बरेचसे ठाऊक आहे. त्याचे श्रेय ज्या थोड्या माणसांस जाते, त्यांत एका परदेशी तरुणाचे नाव अगदी वरचे आहे. ह्या तरुणाचे नाव यान व्हान लिन्सखोटेन. त्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

लिन्सखोटेन हा हॉलंड देशाचा राहणारा. त्याची गोष्ट नीट समजण्यास प्रथम त्याचा देश समजला पाहिजे. आपल्या नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरीवर बंधारा असून तेथून दोन्ही तीरांनी कालवे काढलेले आहेत. आपल्याकडे कालवा म्हटला की तहानलेल्या शेतास पाणी नेऊन देणारा पाट डोळ्यांपुढे येतो. हॉलंडातील कालव्याचे मुख्य काम याच्या अगदी उलट आहे. त्या देशाचा मोठा भाग समुद्राच्या पातळीहून खाली आहे. तेथील लोकांनी बांध घालून समुद्र बाहेर अडविला, आत साचलेले पाणी पवनचक्क्यांनी उपसले व ते वाहून नेण्यासाठी गावोगाव कालवे खोदले. हेच कालवे त्यांचे रस्तेही झाले. धान्य, लोणी, मासळी व विटा यांनी भरलेल्या होड्या घरांच्या दारांशी लागू लागल्या. ज्या लोकांनी आपली जमीनच पाण्याच्या हातून सोडवून घेतली, त्यांस पाण्याचे भय कसले वाटणार? अशा ह्या देशातील मुलास समुद्रापलीकडे काय आहे, हे पाहण्याची हौस वाटावी, यात नवल नाही.

त्याचा जन्म १५६३ साली हार्लेम शहरी झाला. त्याच्या लहानपणीच त्याचे कुटुंब झाउडरझे नावाच्या उपसागराच्या काठी असलेल्या एन्खाउझन ह्या बंदरात येऊन राहिले. (हा उपसागर १९३२ साली एक प्रचंड बांध घालून समुद्रापासून तोडण्यात आला व आता तेथे गोड्या पाण्याचे सरोवर आहे.) तो काळ मोठ्या धामधुमीचा होता. हॉलंडचे लोक त्या वेळी स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या अमलाखाली होते व त्या अमलाविरुद्ध त्यांनी शस्त्र उचलले होते. यान नऊदहा वर्षांचा असताना त्याच्या जन्मगावास स्पॅनिश सैन्याने वेढा घातला व अनेक महिन्यांच्या उपासमारीनंतर १५७३ च्या जुलैत हार्लेम शत्रूच्या हाती पडले. पुढच्याच वर्षी लेडन शहरास वेढा पडला, तेव्हा तेथील लोकांनी विलक्षण उपाय योजला. पिढ्यान् पिढ्या जिवापाड जपलेले बांध त्यांनी आपल्या हातांनी फोडले, शेते पाण्याखाली घातली व त्या पाण्यावरून होड्या आणून शहराची सुटका केली. ज्या पोराने अशा गोष्टी ऐकत दिवस काढले, त्याच्या मनात स्पेनच्या राजाविषयी प्रेम उत्पन्न होणे शक्य नव्हते. ही गोष्ट पुढे आपणांस लक्षात ठेवावी लागेल.

युद्ध चालू असले तरी पोट कोणास सुटले आहे? डच व्यापारी स्पेन व पोर्तुगालशी व्यापार करीतच होते. यानचे वडील भाऊ सेव्हिल शहरी व्यापारात होते. किशोरवयातच यान त्यांच्याकडे गेला, स्पॅनिश भाषा शिकला व पुढे लिस्बनला आला. १५८० साली पोर्तुगालचे राज्यही फिलिप राजाकडे आले होते. त्यामुळे गोवा, मलाक्का, मोझांबिक वगैरे पोर्तुगीज ठाणी आता त्याच राजाची झाली. इतक्यात विसेंत द फोन्सेका नावाच्या धर्मगुरूंची गोव्याचे आर्चबिशप म्हणून नेमणूक झाली. भावाच्या ओळखीने यानला त्यांच्या परिवारात कारकुनाची जागा मिळाली. एप्रिल १५८३ मध्ये जहाजे लिस्बनहून निघाली. आफ्रिकेस वळसा घालून, मोझांबिकला मुक्काम करून ती सप्टेंबरात गोव्यास पोहोचली. त्या वेळी यान वीस वर्षांचा होता.

आपल्या शाळेतून बाहेर पडल्यावर दोनतीन वर्षांनी तुमचे जे वय असेल, तेच हे वय. हाती पैसा नाही, पदवी नाही, मोठा हुद्दा नाही. काम म्हणजे धन्याची पत्रे लिहिणे व हिशेब ठेवणे. परंतु आर्चबिशपांचा वाडा हे असे ठिकाण होते, की जेथे सरदार, खलाशी, व्यापारी, पाद्री व जवाहिरे या सर्वांची ये-जा असे. यानने ह्या संधीचा जो उपयोग केला, तोच त्याच्या सर्व कीर्तीचा पाया होय. तो पाही, विचारी व टिपून ठेवी. रात्री चैनीत घालविण्याचे दिवस, पण ह्या तरुणाच्या वह्या भरत होत्या. त्यास चित्रकलेचेही अंग होते. त्यामुळे जे शब्दांत मावत नसे ते तो रेघांत उतरवून घेई.

त्याने काय काय टिपले? गोव्याच्या राजरस्त्यावर रोज सकाळी भरणारा लिलाव त्याने वर्णिला आहे. आपला लिलाव हा शब्दच मुळी पोर्तुगीज भाषेतून मराठीत आलेला आहे. तेथे अरबी घोडे, सुगंधी द्रव्ये, कापड व दागिने यांबरोबर माणसेही गुलाम म्हणून विकली जात. यानने हे सर्व पाहिले व लिहून ठेवले. पालखीतून मिरवणारे पोर्तुगीज, त्यांच्यावर छत्री धरणारे नोकर, गोव्याचे शेतकरी व मासेमार, दख्खनचे शिपाई, गुजराती वाणी, ब्राह्मण, परदेशी व्यापारी अशा नाना प्रकारच्या लोकांची चित्रे त्याने काढली. पावसाळ्यात बंदर कसे बंद पडते, आंबा, फणस, नारळ, केळे व सुपारी यांचा उपयोग काय, मिऱ्याचा वेल कसा चढतो, पारंब्या टेकवून वड कसा पसरतो, हेही त्याने नोंदले. ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी आणलेले अननस व काजू त्या काळी आपल्या देशास नवीनच होते. त्यांचाही उल्लेख त्याच्या ग्रंथात आहे.

मराठी वाचकास विशेष कौतुक वाटावे अशा दोन गोष्टी सांगतो. गोव्यात लोकांस अकस्मात ग्रासणाऱ्या एका भयंकर पोटाच्या रोगाचे नाव त्याने दिले आहे, ते मोरदेशिन असे काहीसे आहे. हा शब्द दुसरा तिसरा कोणता नसून आपल्या आजीच्या तोंडचा मोडशी हाच होय. दुसरी गोष्ट अशी, की किनाऱ्यामागे उंच डोंगर असून त्यांच्या माथ्यावर सपाट व सुपीक प्रदेश आहे आणि त्यास बालाघाट म्हणतात, असे त्याने लिहिले आहे. आपण नाशिककर ज्या घाटमाथ्यावर राहतो, त्या सर्व पठाराचेच हे वर्णन. हा उंच मुलूख तो स्वतः चढून आला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून विचारून त्याने ही माहिती मिळविली. जे पाहिले ते पाहून व जे पाहता आले नाही ते विचारून घ्यावे, ही त्याची रीत.

यान गोव्यास आला त्याच वर्षाच्या अखेरीस एक चमत्कारिक प्रसंग घडला. न्यूबेरी, फिच, लीड्स व स्टोरी असे चार इंग्रज व्यापाराच्या शोधात हुर्मुज बंदरी आले असता तेथील व्यापारी स्पर्धकांनी चहाडी केल्यामुळे पकडले गेले व कैदी म्हणून गोव्यास आणले गेले. गोव्याच्या तुरुंगात परक्यांची काय गत होई, ते निराळे सांगावयास नको. त्यांच्या सुटकेसाठी जे लोक झटले त्यांत एक इंग्रज जेझुइट पाद्री होते. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. लिन्सखोटेननेही आपल्या धन्याकडे त्यांच्याविषयी रदबदली केली. अखेर जामिनावर त्यांची मुक्तता झाली. त्यांपैकी स्टोरी हा चित्रकार होता. तो गोव्यातच राहिला. बाकीचे तिघे १५८४ च्या एप्रिलात वनभोजनाच्या निमित्ताने शहराबाहेर पडले व आदिलशाही मुलखात पळून गेले. पुढे ते अकबर बादशहाच्या दरबारापर्यंत पोहोचले आणि त्यांपैकी एकटा फिच १५९१ साली इंग्लंडास सुखरूप परतला. ही सर्व हकीकत आपणांस कळते ती मुख्यतः फिचच्या व लिन्सखोटेनच्या लेखनातूनच. फादर स्टीफन्स यांचे नाव मात्र वाचकांनी लक्षात ठेवावे. त्यांची गाठ आपणांस पुन्हा पडणार आहे.

यानने गोव्यात पाच वर्षे काढली. चीन व जपान पाहण्याची त्याची फार इच्छा होती. परंतु त्यास लागणारा पैसा जवळ नव्हता. तेव्हा जे तेथे जाऊन आले होते त्यांच्याकडून त्याने माहिती गोळा केली. डिर्क खेरित्स पोंप नावाचा त्याच्याच गावचा एक मनुष्य पोर्तुगीज जहाजावर गोलंदाज होता व तो चीन-जपानपर्यंत गेलेला होता. त्याने यानला पुष्कळ गोष्टी सांगितल्या. ह्याखेरीज पोर्तुगीज नाखवे ज्या मार्गदर्शक वह्यांच्या आधारे जहाजे हाकीत, त्या वह्याही यानने मिळवून नकलून घेतल्या. कोणत्या महिन्यात कोणता वारा वाहतो, कोठे खडक आहेत, कोणती खूण दिसली म्हणजे जहाज कोणत्या दिशेस वळवावे, गोड पाणी कोणत्या बेटावर मिळते, अशा शेकडो गोष्टी त्यांत होत्या. शंभर वर्षे प्राण देऊन मिळविलेले हे ज्ञान परक्यांच्या हाती पडू नये, म्हणून पोर्तुगीज दरबार ते फार जपत असे. ज्याच्या आधारे एक राज्य उभे होते, ते ज्ञान अशा रीतीने एका कारकुनाच्या पेटीत गोळा होत गेले.

१५८७ साली आर्चबिशप काही कामासाठी पोर्तुगालला निघाले व वाटेतच निवर्तले. ही वार्ता गोव्यास येण्यास पुढचे वर्ष उजाडले. धनी गेल्यावर यानचे मन तेथे लागेना. १५८८ च्या अखेरीस त्याने गोवा सोडले आणि १५८९ च्या जानेवारीत कोचीनहून मिऱ्यांच्या जहाजाबरोबर परतीचा प्रवास सुरू केला. वाटेत वादळे झाली. युरोप जवळ आला तो इंग्रज लुटारू जहाजांची गाठ पडली. शेवटी अझोर बेटांपैकी तेर्सेइरा बेटावर आसरा घ्यावा लागला. तेथे मलाक्काहून आलेले एक भरलेले जहाज बंदरातच बुडाले. त्यातील माल बाहेर काढण्याच्या कामात मदत करण्यासाठी यान तेथे राहिला, तो दोन वर्षे राहिला. ह्या अवधीतही त्याची वही मिटली नाही. त्या बेटांचे वर्णन व १५९१ साली तेथे इंग्रज व स्पॅनिश आरमारांत झालेल्या प्रसिद्ध झुंजीची हकीकत त्याने लिहून ठेवली. १५९२ च्या सप्टेंबरात तो एन्खाउझनला घरी परतला. घर सोडताना तो पोर होता. परतला तो एकोणतीस वर्षांचा पुरुष होऊन.

त्याच्या गावी पालुडानुस नावाचे एक विद्वान वैद्य राहत असत. त्यांस देशोदेशीच्या शंख, वनस्पती, खनिजे इत्यादी वस्तू जमविण्याचा नाद होता. त्यांनी यानच्या टिपणांस शास्त्रीय टिपा जोडल्या. ॲमस्टरडॅमच्या कॉर्नेलिस क्लास ह्या मुद्रकाने ग्रंथ छापण्याचे काम हाती घेतले. व्हान डूटेकुम घराण्यातील कसबी कारागिरांनी यानच्या रेखाटनांवरून तांब्याचे पत्रे कोरले. छपाई चालू असतानाही यान स्वस्थ बसला नाही. उत्तरेकडील बर्फाच्या समुद्रातून चीनला जाण्याची वाट सापडते की काय, हे पाहण्यासाठी डच लोकांनी १५९४ व १५९५ साली जहाजे पाठविली, त्या दोन्ही सफरींत तो होता. बर्फाने वाट अडविली व दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परतावे लागले. त्याच सुमारास त्याच्या ग्रंथाचा एक भाग, म्हणजे नाखव्यांसाठी लिहिलेले मार्गदर्शन, १५९५ साली बाहेर पडला आणि १५९६ साली संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे नाव इतिनेरारियो, म्हणजे प्रवासवृत्त.

मोठ्या आकाराची पाने, नकाशे व तीसहून अधिक कोरीव चित्रे असा हा ग्रंथ होता. त्यात गोवा शहराचा एक नकाशा आहे. त्यात रस्ते, मंदिरे व घरे अशी दाखविली आहेत, की आजही जुन्या गोव्याचा अभ्यास करणारा त्याच्याकडे वळतो. चित्रांत बाजार आहे, पालखी आहे, हत्ती आहे, माड व केळी आहेत. मात्र एक गोष्ट लक्षात येते. पत्रे कोरणाऱ्या कारागिरांनी हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. त्यामुळे आपल्या शेतकऱ्यांचे व शिपायांचे हातपाय व चेहरे त्यांत युरोपातील पुतळ्यांसारखे उतरले आहेत. चित्र आहे म्हणून ते जसेच्या तसे खरे, असे समजू नये, हा धडा ह्या जुन्या पुस्तकाकडून आजच्या विद्यार्थ्यांनीही घेण्यासारखा आहे.

ग्रंथ बाहेर पडताच त्याची मोठी वाखाणणी झाली. १५९८ साली इंग्रजी व जर्मन, १५९९ साली लॅटिन व १६१० साली फ्रेंच भाषांतर निघाले. परंतु ह्या ग्रंथाचा खरा परिणाम वाचनालयांत नव्हे, समुद्रावर झाला. पोर्तुगीजांची मलाक्काकडील सत्ता टाळून सुमात्रा व जावा यांमधील सुंदा सामुद्रधुनीने मसाल्याच्या बेटांकडे जाता येईल, असे त्याने दाखविले होते. १५९५ साली हाउटमन ह्याच्या हुकमतीखाली चार डच जहाजे पूर्वेकडे निघाली, ती हीच माहिती बरोबर घेऊन निघाली. सफर फार कष्टाची झाली. गेलेल्यांपैकी निम्म्याहून कमी माणसे परत आली. परंतु वाट सापडली होती. १६०० साली इंग्रजांची व १६०२ साली डचांची ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. ह्या सर्वांचे कारण एकटा लिन्सखोटेन नव्हे. दुसरेही भूगोलवेत्ते व नाखवे त्याच खटपटीत होते. तथापि बंद दाराची किल्ली सर्वांच्या हाती देणारे पुस्तक त्याचेच होते, यात संशय नाही.

पुढे काय झाले? १६३७ साली डचांनी वेंगुर्ल्यास वखार घातली; तिचे अवशेष आजही सिंधुदुर्ग जिल्ह्यात पाहावयास मिळतात. ज्या मांडवीच्या मुखातून यान आत शिरला होता, तेच मुख डच आरमाराने वर्षानुवर्षे रोखून धरले. १६४१ साली मलाक्का, १६५६ साली कोलंबो व १६६३ साली कोचीन पोर्तुगीजांच्या हातून गेले. गोव्याच्या वैभवास जी उतरती कळा लागली, तिच्या अनेक कारणांपैकी हे एक. याहून भयंकर गोष्ट जायफळ पिकविणाऱ्या बांदा बेटांवर घडली. १६२१ साली डच कंपनीचा अधिकारी कून ह्याने जायफळाचा सर्व व्यापार आपल्या एकट्याच्या हाती राहावा म्हणून त्या बेटांतील बहुतेक लोकांची कत्तल केली, किंवा त्यांस गुलाम करून नेले. लिन्सखोटेन हे पाहण्यास जिवंत नव्हता. पण जहाजे ज्या वाटेने गेली, ती वाट त्याच्या पुस्तकात होती.

ही कथा मी एकदा वर्गात सांगितली, तेव्हा मुलांत दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे असे, की ज्याचे अन्न खाल्ले त्याचे गुपित फोडणे हा विश्वासघात होय. दुसऱ्या पक्षाने उत्तर दिले, की त्याच्या जन्मगावास ज्या राजाने उपाशी मारले, त्या राजाचे गुपित राखण्यास तो बांधलेला नव्हता. शिवाय वारे व समुद्र ही काही कोणाच्या मालकीची जिंदगी नव्हे. वाद बराच रंगला. तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने उठून विचारले, की ह्या दोन्ही पक्षांनी बांदा बेटांतील लोकांचा विचार केला आहे काय? वर्ग एकदम शांत झाला. मलाही लगेच उत्तर सुचले नाही.

त्यानंतर पुष्कळ विचार केल्यावर मला असे वाटते, की आर्चबिशपांची कागदपत्रे किंवा घरातील गोष्टी फोडून त्याने काही लाभ मिळविला, असा त्याच्यावर आरोप नाही. मनुष्यजातीस उपयोगी पडणारे भूगोलाचे ज्ञान त्याने पेटीत कुजू दिले नाही, हे त्याचे मोठे कार्य होय. परंतु त्याच्या ग्रंथात पूर्वेकडील देश म्हणजे मुख्यतः मिरे, लवंग, जायफळ व रत्ने मिळण्याची ठिकाणे आहेत. तेथील माणूस चित्रात दिसतो, पण त्याचे बोलणे आपणांस फारसे ऐकू येत नाही. त्याचा धर्म यानला केवळ चमत्कारिक व ओंगळ वाटला. ज्याच्या देशाची वाट दाखवावयाची, तोही आपल्यासारखाच मनुष्य आहे, हे सांगावयाचे राहून गेले. वाट दाखविणाराने एवढे सांगितले असते, तर पुढे जाणारांनी ते ऐकले असते की नाही, कोण जाणे. पण ते सांगणे हे त्याचे काम होते.

येथे फादर स्टीफन्स यांची आठवण होते. तेही परदेशीच. १५७९ साली ते गोव्यास आले, म्हणजे यानच्या चार वर्षे आधी. एकाच शहरात, एकाच काळी, त्याच चार कैद्यांसाठी दोघेही झटले. यान पाच वर्षे राहून परत गेला. स्टीफन्स चाळीस वर्षे राहिले व १६१९ साली येथेच त्यांनी देह ठेवला. त्यांनी साष्टीच्या लोकांत राहून त्यांची भाषा आत्मसात केली आणि ओवी छंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचले. ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या काळच्या गोव्यात धर्माच्या नावाने जुलूम चालत होता, देवळे पाडली जात होती व इन्क्विझिशनची न्यायसभा बसत होती. ह्या गोष्टी आम्हां ख्रिस्ती लोकांनी झाकून ठेवू नयेत. अशा दिवसांत एका परक्या पाद्र्याने इथल्या लोकांच्या भाषेपुढे शिष्य होऊन बसावे, ही गोष्ट लहान नव्हे. एकाने ह्या देशाविषयी जगास लिहिले. दुसऱ्याने ह्या देशाच्या लोकांसाठी त्यांच्याच वाणीत लिहिले. दोन्ही कामे आवश्यक आहेत. परंतु पहिल्या कामात दुसऱ्याचा थोडा अंश असल्यावाचून ते पुरते होत नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. गोव्याच्या खाड्यांच्या काठी खाजन नावाच्या सखल जमिनी आहेत. तेथील गावकऱ्यांनी शतकानुशतके मातीचे बांध घालून भरतीचे खारे पाणी बाहेर अडविले व मानस नावाच्या लाकडी दारांनी पाण्याची आवकजावक राखून त्यांत भात पिकविले. समुद्राहून सखल जमीन, बांध, दारे व पाट, म्हणजे एन्खाउझनच्या शेतकऱ्याचेच हे जीवन! हॉलंडचा मुलगा हजारो कोस समुद्र ओलांडून आला, तो आपल्यासारख्याच बांध घालणाऱ्या लोकांच्या देशात आला होता. गोव्यास जाल तेव्हा हे बांध अवश्य पाहा.

यानचे पुढील आयुष्य शांतपणे गेले. त्याने लग्न केले, एन्खाउझन शहराचा खजिनदार म्हणून काम पाहिले आणि अमेरिकेच्या निसर्गाविषयी आकोस्ता ह्या स्पॅनिश लेखकाने लिहिलेल्या ग्रंथाचे डच भाषांतर १५९८ साली प्रसिद्ध केले. हिंदुस्थानास तो पुन्हा आला नाही. १६११ च्या फेब्रुवारीत, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, त्याचा अंत झाला. १८८५ साली त्याच्या ग्रंथाचे जुने इंग्रजी भाषांतर टिपांसह पुन्हा छापण्यात आले. त्याच्या टिपा लिहिण्याचे काम प्रथम मद्रास इलाख्यात न्यायाधीश असलेल्या डॉ. बर्नेल ह्या संस्कृतज्ञ पंडिताने केले होते. १९०८ साली हॉलंडात जुनी प्रवासवर्णने छापण्यासाठी एक संस्था निघाली, तिला लिन्सखोटेनचेच नाव देण्यात आले. राजे, व्हाइसरॉय व सेनापती यांची नावे पुसली गेली. एका कारकुनाचे नाव राहिले.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या सुट्टीत प्रवासास जाल तेव्हा खिशात एक लहान वही असू द्या. आज हातोहाती असलेल्या यंत्राने चित्र क्षणात निघते, पण जे विचारून लिहून घेतले जाते तेच टिकते. झाडाचे नाव विचारा, मासळीचे नाव विचारा, बांध कोणी घातला ते विचारा. आणि ज्यास विचाराल, त्याचेही नाव विचारा व ते पहिल्या ओळीत लिहा. त्या मागच्या बाकावरील मुलीच्या प्रश्नाचे मला सुचलेले उत्तर एवढेच आहे.